‘डिस्कव्हरर’ला मराठीत काय म्हणायचं? सड्यावरच्या एका फलकाच्या निमित्ताने

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: “आमच्या गावच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. तिथे फलक लावायचा आहे आणि मजकूर माझ्याकडे आला आहे. इंग्रजी मसुद्यात एका अभ्यासकाच्या नावापुढे ‘डिस्कव्हरर’ असं आहे. मराठीत शोधक लिहू, संशोधक लिहू की आविष्कारक? या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आला कुठून? आमचे आजोबा म्हणतात, चित्रं तर आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत, मग या माणसाने शोधलं काय?”

मी रत्नागिरीत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो. कोर्टाचे कागद, शाळेची पुस्तकं, पर्यटनाचे फलक, सगळं हातून गेलं आहे. तुम्ही शब्द विचारला आहे, पण तुमचा खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात, आजोबांच्या तोंडी आहे. त्या सड्यावर नेमकं काय घडलं हे ठरल्याशिवाय शब्द ठरणार नाही. आधी शब्दाची गोष्ट सांगतो, मग तुमच्या फलकाकडे येतो.

‘डिस्कव्हर’ शब्दात ‘कव्हर’ उघड दिसतं. आपण वहीला घालतो तेच कव्हर. त्याच्या आधी लागलेलं ‘डिस’ म्हणजे दूर करणे, काढून टाकणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘डिस्कोऑपेरिरे’ असं क्रियापद होतं, अर्थ ‘झाकण काढणे’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘देस्कोव्ह्रिर’ झालं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. शेवटचा ‘अर’ म्हणजे आपला ‘-णारा’. तेव्हा ‘डिस्कव्हरर’चा शब्दशः अर्थ ‘झाकलेलं उघडं करणारा’ असा होतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीज शब्द त्याच घराण्यातले. जर्मन शब्दाचं मूळ वेगळं आहे, पण ‘एन्टडेकन’ची घडणही तीच: पांघरूण काढणे.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. इंग्रजीत हा शब्द साधारण १३००च्या सुमारास आला तेव्हा नवा देश किंवा नवा तारा शोधणारा असा त्याचा अर्थ नव्हता. ‘डिस्कव्हर’ म्हणजे गुपित उघड करणे आणि ‘डिस्कव्हरर’ म्हणजे खबर देणारा, दुसऱ्याचं बिंग फोडणारा. पुढे सैन्याच्या आघाडीवर जाऊन टेहळणी करणाऱ्यालाही तो लावला जाऊ लागला. आजवर माहीत नसलेली गोष्ट पहिल्यांदा पाहणे किंवा जाणणे, हा आजचा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. युरोपातली जहाजं तेव्हा लांब लांब जात होती आणि त्यांच्या कप्तानांना एक रुबाबदार शब्द हवा होता.

जुना अर्थ अजून मेलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११मध्ये ‘डिस्कव्हरी अँड इन्स्पेक्शन’ आहे. तिथे कोणी काही नवं शोधत नाही. एका पक्षाने आपल्याकडचे कागद दुसऱ्या पक्षापुढे उघड करायचे, एवढंच. भाषांतराला बसलेल्या नवख्याने तिथे ‘शोध’ लिहिलं की अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ बिघडतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा शब्द मुद्दाम पहिल्याच आठवड्यात देतो.

आणि गंमत पाहा, आपल्या मराठीत हाच अर्थ जसाच्या तसा आहे: ‘उघडकीस आणणे’. फक्त आपण तो चोरी-लबाडीसाठी राखून ठेवला. अफरातफर उघडकीस येते, खून उघडकीस येतो, पण मूलद्रव्य उघडकीस आलं असं आपण म्हणत नाही. चांगल्या गोष्टीसाठी आपण ‘उजेडात आणणे’ म्हणतो. हे दोन वाक्प्रचार लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता तुमचे तीन पर्याय.

‘आविष्कारक’ मी लगेच बाजूला ठेवतो, जरी मुळाकडे पाहिलं तर तिघांत तोच ‘डिस्कव्हरर’च्या सर्वांत जवळचा आहे. संस्कृतात ‘आविस्’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. ‘आविष्कार’ म्हणजे उघड करणे. पण शब्द मुळावर चालत नाही, वापरावर चालतो. हिंदीत आविष्कार म्हणजे नवं यंत्र वगैरे तयार करणे. मराठीत आविष्कार म्हटलं की कलाविष्कार आठवतो, नाच-गाणं-चित्र डोळ्यांपुढे येतं. तुमच्या फलकावर एखाद्या अभ्यासकाला ‘कातळशिल्पांचा आविष्कारक’ म्हटलंत तर वाचणारा समजेल की ती चित्रं त्यानेच कोरली.

‘संशोधक’ म्हणजे रिसर्चर. तो वर्षानुवर्षं अभ्यास करेल आणि त्याच्या हाती काही नवं लागणारही नाही, तरी तो संशोधकच. एक खबरदारी: मोबाइलवरून भाषांतर करत असाल तर हिंदीचा घोळ होतो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला घटनादुरुस्ती म्हणतो त्याला ते ‘संविधान संशोधन’ म्हणतात.

उरला ‘शोधक’, आणि खरी अडचण इथेच आहे. सत्यशोधक समाज हे नाव घ्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात तो स्थापन केला. त्यातला शोधक म्हणजे सत्याच्या शोधात असलेला, सत्य गवसलं असा दावा करणारा नव्हे. ‘शोधक नजर’ म्हणतो तेव्हाही नजर शोधत असते, सापडलेलं असेलच असं नाही. म्हणजे ‘शोधक’ हा सीकर झाला, डिस्कव्हरर झाला नाही.

याचं कारण ‘शोध’ या शब्दातच आहे. संस्कृत ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ करणे. आयुर्वेदात अजूनही पाऱ्याचं शोधन करतात ते याच अर्थाने. गाळ, केर, मळ बाजूला केला की खरी वस्तू हाती उरते. ‘शोधणे’चा आजचा अर्थ त्यातूनच आला असावा. मराठीने पुढे या एका नामावर शोधाशोधही लादली आणि सापडणंही लादलं. फरक दाखवायला क्रियापद ठेवलं. पोलीस शोध ‘घेतात’. शोध ‘लागतो’. शास्त्रज्ञ शोध ‘लावतो’. घेणे, लागणे, लावणे, या तिघांत सगळा अर्थ आहे, आणि ‘शोधक’ हे नाम केलं की ही तिन्ही क्रियापदं गळून पडतात. म्हणून मराठीत ‘डिस्कव्हरर’ला एकच घट्ट नाम मिळत नाही. मला ती भाषेची उणीव वाटत नाही. आपली भाषा विचारते, बाबा, त्याने केलं काय ते सांग. मी तर भाषांतर करताना ते उपकारच मानतो.

तुमच्याकडच्या मालवणीत हे आणखी स्वच्छ आहे. ‘सोदूक’ म्हणजे शोधणे आणि ‘गावणे’ म्हणजे सापडणे. “खूप सोदलंय, पण गावाक नाय.” दोन क्रिया, दोन शब्द, गोंधळ नाही.

‘शोध लावणारा’मध्ये मात्र एक खोट आहे. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो. गुरुत्वाकर्षण आधीपासून होतंच, फोनोग्राफ नव्हता. इंग्रजीत आज डिस्कव्हरर आणि इन्व्हेंटर वेगळे आहेत, पण तिथेही हा काटेकोरपणा पुढे आला. ‘इन्व्हेंट’चं लॅटिन मूळ ‘इनव्हेनिरे’, म्हणजे चालता चालता एखाद्या गोष्टीवर येऊन ठेपणे, ती सापडणे. जुन्या इंग्रजीत सापडण्यालाही इन्व्हेन्शन म्हणत. आपल्याकडे जिथे फरक महत्त्वाचा असतो तिथे मी वस्तू घडवणाऱ्याला ‘तयार करणारा’ किंवा ‘जनक’ म्हणतो आणि ‘शोध लावणारा’ हे आधीपासून असलेल्या गोष्टीसाठी ठेवतो.

आता सड्यावर या.

काही वर्षांपूर्वी एका पर्यटन पत्रकासाठी मी असाच मजकूर लिहिला होता. एका गावातल्या कातळशिल्पांबद्दल “अमुक यांनी या चित्रांचा शोध लावला” असं वाक्य घातलं. इंग्रजीत तसंच होतं, मी विचार न करता मराठीत आणलं. छापलेलं पत्रक घेऊन गावात गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी नातवाकडून ते वाचून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “शोध लावल्यानी म्हंजे? आमचे म्हातारे थंय दर वर्सा नारळ ठेवत इले.” मला उत्तर देता आलं नाही. त्या मला घेऊन सड्यावर गेल्या. दिवाळीनंतरचे दिवस होते, गवत पिवळं पडलेलं. कातळावर पावसात वाहून आलेली माती सुकून खपली धरलेली होती. त्यांनी हिराच्या खराट्याने एक हातभर जागा झाडली, बरोबरच्या कळशीतलं पाणी ओतलं आणि थांबल्या. जांभ्याचा पृष्ठभाग लगेच सुकायला लागला, पण कोरलेल्या खाचेत पाणी राहिलं. आधी एक वाकडी रेघ दिसली, मग तिला समांतर दुसरी, मग कळलं की तो पाय आहे. झाकण काढणे, म्हणजेच ‘डिस्कव्हर’, मी पुस्तकात पंचवीस वेळा वाचलं होतं. ते घडताना पाहिलं ते त्या दिवशी, आणि झाकण काढणारा हात त्या बाईंचा होता.

ते वाक्य पुढच्या छपाईत मी बदलून घेतलं. म्हणून तुमच्या आजोबांचं म्हणणं मला पहिल्या वाचनातच पटलं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती आजोबांना नीट सांगा. रत्नागिरीत कातळशिल्पांचे अभ्यासक सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगावच्या लोकांना विचारत, सडे तुडवत हिंडले. काही ठिकाणी लोकांना चित्रं माहीत होती, त्यांना ते देवस्थान मानत होते. बऱ्याच ठिकाणी मात्र ती माती-गवताखाली होती आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. त्यांनी नोंदी केल्या, मोजमापं घेतली, एका गावचं चित्र दुसऱ्या गावच्या चित्राशेजारी ठेवून पाहिलं. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या आकारात इतर प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. तो हत्ती आहे हे कळायला उंचावरून पाहावं लागतं किंवा रेघ न् रेघ कागदावर उतरवावी लागते. असल्या कामामुळेच २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे अशी रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं आहेत, तुमच्या सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे आणि गोव्यातलं फणसायमळ आहे. गावाला ‘आहे’ हे माहीत होतं. ‘काय आहे, किती आहे, कशाशी जुळतं’ हे अभ्यासकांनी उजेडात आणलं. दोन्ही कामं आहेत आणि दोन्हींना वेगवेगळं क्रियापद लागतं.

मराठीत जवळजवळ विसरला गेलेला एक शब्द इथे आठवतो: गवेषणा. त्याचा अर्थ संशोधन, पण फोड केली तर गो आणि एषणा, हरवलेली गाय शोधणे. सड्यावर गुरं चारणाऱ्या, संध्याकाळी चुकलेलं वासरू धुंडाळणाऱ्या गुराख्यांच्या पायाखाली ही चित्रं पिढ्यान्पिढ्या होती. फलकावर हा शब्द घालू नका, कोणाला कळणार नाही. पण मला तो फार जवळचा वाटतो.

तुमच्याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण देतो, कारण एकाला ‘डिस्कव्हरर’ ठरवायला गेलं की काय होतं ते त्यात दिसतं. विजयदुर्गावर साहेबाचा कट्टा आहे आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. नॉर्मन लॉकयरने याच किल्ल्यावरून १८६८ सालच्या ग्रहणात हेलियमचा शोध लावला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेलं हे खरं. पण त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्या ग्रहणात एक पिवळी रेषा अनेक निरीक्षकांना दिसली, ती बहुतेकांनी सोडियमची समजली. लॉकयरने ऑक्टोबर १८६८मध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही हे ओळखलं. सूर्यातल्या त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम हे नाव पुढे पडलं. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ साली, विल्यम रॅमसेला, एका खनिजातून. आणि लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून. म्हणजे हेलियम तोवर प्रयोगशाळेत पोहोचलं होतं.

रेषा दिसली कोणाला, ओळखली कोणी, वायू बाटलीत धरला कोणी? ‘डिस्कव्हरर’ हे एक नाम वापरलं की यातली दोन उत्तरं झाकली जातात. झाकण काढणारा शब्दच झाकण घालतो. विजयदुर्गाचं महत्त्व यात रतीभर कमी होत नाही. तिथे १८९८ साली प्रत्यक्ष जे झालं ते ऐकायला लोकांना आवडेलच, फक्त ते त्या सालासह सांगितलं पाहिजे.

वास्को द गामाबद्दल फार लिहीत नाही. तो १४९८ साली कालिकतला पोहोचला तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घेतलेला वाटाड्या त्याच्या जहाजावर होता, आणि आपल्या चौलचं नाव त्याच्या चौदाशे वर्षं आधीच्या ग्रीक प्रवासवर्णनात बंदर म्हणून आलेलं आहे. ‘भारताचा शोध लावला’ हे वाक्य आपण पोर्तुगीजांच्या जागी उभं राहून लिहितो. ‘युरोपातून भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला’ असं लिहिलं की लिहिणारा पुन्हा आपल्या किनाऱ्यावर उभा राहतो.

तर तुमचा फलक. काय लिहायचं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्हालाच गावात विचारून ठरवाव्या लागतील. ती चित्रं गावाला खरंच माहीत होती का, की एखादाच कोपरा माहीत होता आणि बाकीची माती काढल्यावर दिसली? त्या अभ्यासकाने पहिल्यांदा पाहिली, की त्याला कोणी दाखवली? आणि त्याने केलेली नोंद कुठे छापून आली आहे का, तिचं साल काय?

गावाला माहीत होती आणि दाखवली गावकऱ्यांनीच, असं असेल तर मी असं लिहीन: “या सड्यावरील कोरीव चित्रे गावकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत. अमुक साली अमुक यांनी गावकऱ्यांच्या मदतीने त्यांची प्रथम नोंद केली व ती अभ्यासकांसमोर आणली.” चित्रं खरोखर मातीखाली होती आणि कोणालाच ठाऊक नव्हती, तर “अमुक यांनी ही चित्रे प्रथम उजेडात आणली” हे नेमकं बसतं. मूळ शब्दाचा झाकण काढण्याचा अर्थ त्यात आहे आणि वाचणाऱ्याला कुठे अडायला होत नाही. थोडी आधी माहीत, थोडी नंतर दिसली, असं असेल तर दोन वाक्यं करा, एकात कोंबू नका. अभ्यासकाच्या नावापुढे बिरुद हवंच असा आग्रह झाला तर ‘कातळशिल्प अभ्यासक’ लिहा. ते खरं असतं आणि कोणाचं काही हिरावून घेत नाही.

इंग्रजी मजकूरही बदलून घ्या. ‘डिस्कव्हर्ड बाय’ऐवजी ‘फर्स्ट डॉक्युमेंटेड बाय’. दोन भाषांत दोन गोष्टी लिहिलेला फलक मी पाहिला आहे, आणि दोन्ही वाचणारे पर्यटक गावातल्या पोरांना विचारत होते, खरं कोणतं? अभ्यासकालाही मसुदा आधी दाखवा. माझा अनुभव असा की सड्यावर खरोखर घाम गाळलेला माणूस ‘डिस्कव्हरर’ हा शब्द स्वतःहून काढून टाकतो.

एक राहिलं. कुडोपीच्या त्या जागेला लोक ‘बाहुल्यांचं टेंब’ म्हणतात. तुमच्या सड्यावरच्या त्या जागेलाही असंच काही नाव असेल, आजोबांना विचारा. ते नाव फलकाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात घाला, आणि ‘कातळशिल्पे’ त्याच्या खाली.